गोळी आणि घास यांची ताटातूट नको

मधुमेहाची गोळी डॉक्टर लिहून देतात आणि मेडिकलवाला काढून देतो. पण ती रोज प्रत्यक्षात कशी घेतली जाते, हे घरात ठरते. ती जेवणाआधी जाते की जेवणानंतर, जेवण लांबले तर काय करायचे, उलट्या-जुलाब सुरू झाले तर ती चालू ठेवायची की थांबवायची, रमजानमध्ये तिची वेळ कशी बदलायची, या गोष्टी दवाखान्यातल्या पाच-दहा मिनिटांत बोलायच्या राहून जातात. मग घरातली मंडळी आपापल्या समजुतीने निर्णय घेतात.

हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातील बहुतेकांचा मधुमेह टाइप दोन प्रकारचा असतो आणि त्याचा उपचार बहुधा गोळ्यांनीच सुरू होतो. अमरावती, अकोला, अचलपूर, बाळापूर, अकोट, मूर्तिजापूर, कुठेही जा. शुगरची गोळी घेणारे कोणी ना कोणी ओळखीत निघतेच.

गोळी चुकली तर साखर वाढेल, ही भीती सगळ्यांना असते आणि ती खरी आहे. वाढलेली साखर वर्षानुवर्षे डोळे, किडनी, हृदय आणि पाय खराब करते. पण गोळी पोटात गेली आणि घास गेलाच नाही, तर साखर काही तासांत धोक्याच्या पातळीखाली येऊ शकते, याची जाणीव फार कमी घरांत दिसते. वाढलेली साखर सावकाश घात करते. घसरलेली साखर एका दुपारीही जीव घेऊ शकते. म्हणून गोळी नियमित घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोणती आहे आणि जेवणाशी तिचे नाते काय आहे, हे माहीत असणे महत्त्वाचे.

शुगरची गोळी एक नाही, अनेक आहेत

‘मला शुगरची गोळी चालू आहे’ एवढे सांगून भागत नाही. या गोळ्यांचे वेगवेगळे गट आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

मेटफॉर्मिन ही सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी. ती यकृतातून साखर बाहेर पडणे कमी करते. एकटी घेतली तर साखर फार खाली जाण्याचा धोका कमी असतो. सुरुवातीला मळमळ, गॅस, जुलाब होऊ शकतात. म्हणून ती जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घ्यावी. पट्टीवर ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलेले असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे. ती कुटून किंवा चावून घेऊ नये. अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पायांना मुंग्या येणे, थकवा, विसराळूपणा यांचे खापर केवळ वयावर किंवा शुगरवर न फोडता डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्यावे.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड हा दुसरा गट. या गोळ्या स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही, हे त्या पाहत नाहीत. या गटाचा शोधच त्याच्या धोक्यातून लागला. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिये शहरात डॉ. मार्सेल जानबाँ विषमज्वराच्या रुग्णांना सल्फा गटातले एक नवे औषध देत होते. त्या रुग्णांची साखर अनपेक्षितपणे घसरू लागली. पुढे ऑगस्त लुबातिए यांनी त्यामागचे कारण शोधले आणि त्यातून मधुमेहाच्या गोळ्यांचा मार्ग खुला झाला. गोळी स्वस्त आहे, गुणकारी आहे. पण जेवणाशी तिची सांगड घातलीच पाहिजे. ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम फार वेळ टिकतो, म्हणून साठी ओलांडलेल्यांना आणि किडनी कमजोर असलेल्यांना ती शक्यतो देत नाहीत. घरात कोणा वृद्धाला ती अजून चालू असेल तर डॉक्टरांना एकदा विचारावे.

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या एकट्या घेतल्या तर साखर सहसा फार घसरत नाही. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात; त्यामुळे लघवी जास्त होते आणि शरीरातले पाणी कमी होऊ शकते. लघवीच्या जागी खाज, लाली किंवा जळजळ होऊ शकते. ती जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवावी, आणि लाजेपोटी हा त्रास लपवू नये. आपल्या घरांतल्या स्त्रिया हे कोणाला सांगत नाहीत. गुपचूप गोळी बंद करतात किंवा त्रास सोसत राहतात. पायोग्लिटाझोनने अंगावर सूज येऊ शकते. हृदय कमजोर असलेल्यांनी डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. व्होग्लिबोस आणि अकार्बोस या गोळ्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात. जेवण संपल्यावर घेतल्या तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

रंग नव्हे, नाव वाचा

अनेक घरांत गोळ्या रंगावरून ओळखल्या जातात. सकाळची पिवळी, रात्रीची पांढरी. पण कंपनी बदलली की रंग बदलतो आणि औषध तेच राहते. इथूनच मोठा घोटाळा सुरू होतो.

समजा, मूर्तिजापूरच्या एका आजींना अकोल्याच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी लिहून दिली. काही महिन्यांनी त्या लेकीकडे नागपूरला गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने दिले. घरी आल्यावर जुनी पट्टीही चालू राहिली आणि नवीही सुरू झाली. आजींना वाटते, दोन वेगळी औषधे आहेत. प्रत्यक्षात त्या एकच औषध दुप्पट घेत आहेत. चार दिवसांनी पहाटे त्या घामाने चिंब होऊन बडबडू लागतात आणि घरच्यांना वाटते, वय झाले.

यावर उपाय सोपा आहे. पट्टीवर कंपनीने ठेवलेले मोठे नाव असते आणि त्याजवळ औषधाचे मूळ नाव छापलेले असते. ते मूळ नाव वाचावे. दोन पट्ट्यांवर तेच मूळ नाव दिसले तर दोन्ही घेण्याआधी डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारावे. एकत्र गोळ्यांच्या नावापुढे बऱ्याचदा १ किंवा २ असा आकडा असतो. तो बहुधा ग्लिमेपिराइड किती मिलिग्रॅम आहे हे सांगतो. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्या, पण मात्रा दुप्पट. दुकानातून निघण्यापूर्वी हा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याची गोळी आपण घेऊ नये, आणि आपली त्याला देऊ नये.

एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. चुकलेली सोडून द्यावी आणि नेहमीच्या वेळेला नेहमीचीच मात्रा घ्यावी.

जेवण लांबते तेव्हा

आपल्या घरांत गोळी आणि जेवण यांची फारकत बहुतेकदा कोणाच्या होते? घरातल्या बाईची. ती सकाळी उठून गोळी घेते, मुलांचे डबे भरते, सासऱ्यांना नाश्ता देते, पाहुण्यांचे पाहते आणि स्वतः दुपारी दोनला शिळ्या भाकरीवर बसते. तिची शुगर का घसरते, हे शोधायला मोठ्या तपासण्या लागत नाहीत. घरातल्या मंडळींनी तिला वेळेवर ताटावर बसवणे हाही तिच्या उपचाराचाच भाग आहे.

दुसरा प्रसंग दावतीचा. निकाह, वलीमा, पंगत. जेवण एकचे असते आणि दस्तरखान तीनला पसरते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी दिवसातून एकदा असेल तर ती सहसा नाश्त्याबरोबर किंवा दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणाबरोबर देतात. ती आधी घेऊन जेवणाची वाट पाहत बसू नये. दुपारची किंवा रात्रीची मात्रा असेल तर ताट समोर आल्यावरच गोळी काढावी. कापूस वेचायला किंवा पेरणीला जाणाऱ्यांनीही बरोबर काही खायला ठेवावे, कारण अंगमेहनतीने साखर आणखी उतरते.

साखर उतरली तर

अचानक घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही साखर घसरल्याची लक्षणे आहेत. वृद्धांमध्ये कधी कधी फक्त सुस्ती किंवा विनाकारण भांडण एवढेच दिसते. रक्तदाबासाठी काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो.

यंत्र जवळ असेल तर साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच नसेल आणि लक्षणे दिसत असतील, तर थांबू नका. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच द्या. बरे वाटले की पोळी, भात असे काही खायला द्या. व्होग्लिबोस किंवा अकार्बोस घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ही औषधे तिचे पचनच मंदावतात. त्यांना ग्लुकोज पावडर किंवा मध द्यावा.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्लिमेपिराइडच्या गटातील गोळीमुळे घसरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा खाली जाऊ शकते. म्हणून शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ आली असेल तर शुद्धीवर आल्यानंतरही रुग्णालयात देखरेखीखाली राहणे आवश्यक असते. ‘आता बरे आहे’ म्हणून घरी घेऊन येऊ नये.

किडनी, ऊन आणि वऱ्हाड

यातील अनेक औषधे किडनीवाटे शरीराबाहेर पडतात. किडनी मंदावली की ती शरीरात साठू लागतात. कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज जास्त ठरते. किडनीचे काम फारच कमी झाले असेल तर मेटफॉर्मिन बंद करावी लागते, त्याआधी तिची मात्रा कमी करावी लागते. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या गावांत, किडनीच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येत आहेत. त्या भागातल्या मधुमेहींनी वर्षातून किमान एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यायलाच हवीत. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेणे टाळावे. त्यातल्या अनेक किडनीला घातक ठरतात.

उन्हाळा ही आपल्याकडची दुसरी परीक्षा. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तेव्हा प्रशासनाला कलम १४४ लावावे लागले. अशा दिवसांत घामाने शरीर कोरडे पडते आणि किडनीवर ताण येतो. लघवीवाटे साखर काढणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. गोळ्यांच्या पट्ट्यांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे लिहिलेले असते. म्हणून त्या चुलीजवळ, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. कोरड्या, सावलीच्या कपाटात आणि मूळ पट्टीतच ठेवाव्यात.

उलट्या, जुलाब किंवा कडक ताप यांत खाणे-पिणे बंद झाले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. अशा वेळी मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या बहुधा काही दिवस थांबवतात, आणि जेवणच नसेल तर ग्लिमेपिराइडसारखी गोळीही जीवावर बेतू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असताना उलट्या, पोटदुखी आणि जोराचा श्वास सुरू झाला तर साखर फार वाढलेली नसली तरी लगेच रुग्णालयात जावे. मात्र इन्सुलिन चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नये. ऑपरेशन किंवा शिरेतून औषध देऊन केले जाणारे सीटी स्कॅन ठरले असेल तर शुगरच्या सगळ्या गोळ्या आधीच सांगाव्यात. स्त्रीला दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर गोळ्या बदलण्यासाठी लगेच भेटावे.

पुडी, काढा आणि ‘मुळापासून बरा’

मेथी, कारले, जांभळाच्या बिया यांचा आहारात उपयोग करणे वेगळे, आणि नाव-पत्ता नसलेल्या पुडीवर विसंबणे वेगळे. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले सुमारे १५० पुरुष साखर घसरल्याने रुग्णालयांत दाखल झाले. अनेकांनी बेकायदा विकली जाणारी शक्तिवर्धक औषधे घेतली होती आणि त्यांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेले निघाले. त्यांपैकी चार जण दगावले. लेबल नसलेल्या पुडीने साखर झपाट्याने उतरली, तर ती वनस्पतीची करामत आहे की आत गोळी कुटून घातली आहे, हे आपल्याला घरी कळणार नाही. ती डॉक्टरांच्या गोळीबरोबर घेतली तर धोका दुप्पट होतो. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. तरीही तशी जाहिरात दिसली, तर त्यावरूनच विकणारा ओळखावा. युनानी किंवा आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर नोंदणीकृत वैद्य-हकीमांकडूनच घ्यावेत आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची माहिती द्यावी.

रमजानची तयारी आधीपासून

२००१ मध्ये १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. टाइप दोनच्या रुग्णांत साखर गंभीररीत्या घसरण्याचे प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसात पट वाढल्याचे तीत दिसले. म्हणून रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. रोजा झेपेल की नाही, हे वय, किडनी, हृदय, मागच्या काही महिन्यांतली साखर आणि चालू औषधे पाहून ठरते.

रोजा ठेवण्यास हरकत नसेल तर वेळा आणि मात्रा बदलाव्या लागतात. दिवसातून एकदा असलेली मेटफॉर्मिन बहुधा इफ्तारला देतात. दोनदा असेल तर सहरी आणि इफ्तारला. ग्लिमेपिराइडसारखी गोळी एकदाच असेल तर ती इफ्तारला नेतात आणि गरजेनुसार कमी करतात. दोनदा असेल तर सहरीची मात्रा कमी करतात. सकाळची पूर्ण गोळी सहरीला घेऊन दिवसभर उपाशी राहणे ही सर्वांत धोक्याची चूक. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी इफ्तारला घेतात आणि रात्री भरपूर पाणी पितात; ऐन रमजानच्या तोंडावर ती नव्याने सुरू करत नाहीत. हे बदल आपल्या मनाने नव्हे, डॉक्टरांच्या सांगण्याने करावेत. सहरी टाळू नये आणि ती शक्य तितकी उशिरा करावी.

बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही १९९७ मध्ये तपासणीसाठी रक्त घेण्याबाबत असेच मत दिले आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर त्याच क्षणी रोजा सोडावा. मगरिबला दहा मिनिटे उरली असली तरीही. सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसासाठी सवलत आहे. ती सवलत घेणे म्हणजे इमान कमी पडणे नव्हे. कझा की फिदया, हे आपल्या आलिमांना विचारावे. रोजा झेपेल का, हे डॉक्टरांना.

खर्चामुळे गोळी बंद करू नका

महिनाअखेरीस पैसे संपले म्हणून गोळी एकाआड एक दिवस घेणारी माणसे आपल्या आसपास आहेत. त्यांनी डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगावे. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन यांची पेटंट मुदत संपल्याने त्या आता पूर्वीपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. जनऔषधी केंद्रांत मूळ नावाने कमी किमतीत औषधे मिळतात. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयासारख्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क देण्याचा निर्णय राज्य सरकारने ऑगस्ट २०२३ पासून लागू केला. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. स्वस्त गोळी नियमित घेणे हे महाग गोळी अधूनमधून घेण्यापेक्षा कितीतरी चांगले.

या आठवड्यात घरातल्या शिकत्या मुला-मुलीला एक काम द्या. घरात ज्यांना शुगर आहे, त्यांच्या सगळ्या पट्ट्या समोर घेऊन एका कागदावर पाच रकाने आखायला सांगा: औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळी, जेवणाआधी की जेवणाबरोबर, आणि कोणत्या डॉक्टरांनी दिले. खाली शेवटचा क्रिएटिनिनचा आकडा आणि डॉक्टरांचा फोन नंबर लिहा. एक प्रत कपाटाला चिकटवा, एक प्रत रुग्णाच्या पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांकडे जाताना ती पुढे करा. हा कागद तयार करताना एकच औषध दोन ठिकाणी लिहिले जात आहे असे दिसले, तर उद्याची वाट पाहू नका. आजच फोन करा.